तळोजा, पोर्ट नंबर पाच

आमच्या ऑफिसातल्या त्या भिंतीचं उद्घाटन झालं तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या होत्या, हे आधीच कबूल केलेलं बरं.

ऐरोलीच्या एका काचेच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर आम्ही काही माणसं दुसऱ्यांच्या वायफायवर लक्ष ठेवून पगार घेतो. कारखाने, गोदामं, एक-दोन कॉलेजं. यंत्रं त्यांच्याकडे, पडदा आमच्याकडे. तिकडे काही बिघडलं की इकडे लाल दिसतं, आणि मग आम्ही फोन करतो. इतकी वर्षं त्या खोलीला सगळे मॉनिटरिंगची खोली म्हणायचे. मग समोरच्या भिंतीवर बारा स्क्रीन जोडून एक मोठा पडदा बसवला, खुर्च्या बदलल्या आणि खोलीचं नाव कमांड सेंटर झालं. काम तेच राहिलं.

फीत कापायला मुख्य कार्यालयातून एक पाहुणे आले. नारळ फोडायचा होता, पण कार्पेट नवीन. म्हणून कॅन्टीनमधून परात आणली. कापूर पेटवला तर धुराचा अलार्म वाजेल असं सिक्युरिटीने बजावलं, तेव्हा तबकात न पेटवलेला कापूर ठेवून आरती झाली. मग पडदा सुरू केला आणि भिंत लालेलाल झाली.

"हे काय आहे?" पाहुण्यांनी विचारलं.

"सर, आपण किती बारीक लक्ष ठेवतो ते यातून दिसतं," आमचे साहेब म्हणाले. साहेब त्या पदावर का आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

भिंत लाल होण्याचं कारण अगदी साधं होतं. कारखान्यात छताला ठिकठिकाणी वायफायच्या तबकड्या लावलेल्या असतात. त्या सगळ्यांना सांभाळणारी एक पेटी असते, तिला कंट्रोलर म्हणतात. पेटीला मागे केबल लावायची आठ भोकं, म्हणजे पोर्ट. त्यातली दोनच वापरात असतात. एक केबल तुटली तर दुसरी असावी म्हणून दोन. बाकीची सहा रिकामी. पण आमचं सॉफ्टवेअर आठही भोकं मोजायचं, आणि ज्यात केबल नाही ते बंद पडलंय असं समजून लाल दिवा दाखवायचं. एका पेटीमागे सहा खोटे अलार्म. पेट्या बऱ्याच.

मी करंजाड्याला राहते. आमच्या टॉवरमधले निम्मे फ्लॅट लोकांनी घेऊन ठेवलेत आणि कुलपं लावून गेलेत. उद्या वॉचमनने रोज सकाळी येऊन सेक्रेटरीला सांगितलं, की अमुक फ्लॅटमध्ये कोणी दार उघडत नाही, तमुक फ्लॅटमध्ये कोणी दार उघडत नाही, तर दहाव्या दिवशी सेक्रेटरी त्याचं ऐकणं सोडून देईल. अकराव्या दिवशी एखाद्या राहत्या घरातून खरंच कोणी दार उघडलं नाही, तरी वॉचमनचं ते वाक्य त्याच्या कानाला आदल्या दिवसासारखंच लागेल. आमचं तसं झालं होतं. आम्ही लाल रंगाकडे पाहणं जवळजवळ सोडलं होतं.

"मॅडम, मला भिंत हिरवी पाहिजे," साहेब म्हणाले. "शुक्रवारपर्यंत."

याचे दोन मार्ग होते. एक म्हणजे प्रत्येक पेटीत शिरून रिकामी भोकं तिथेच अधिकृतपणे बंद करायची. मग ती पडद्यावर करडी दिसतात. मुद्दाम बंद ठेवलेली आहेत हे बघणाऱ्याला कळतं. त्यासाठी प्रत्येक कारखान्याची परवानगी, प्रत्येकाचा फॉर्म, आणि कुठल्या भोकात खरोखर काय आहे हे कोणाला तरी वाकून बघायला लावणं. दुसरा मार्ग म्हणजे आपल्या सॉफ्टवेअरला एक ओळ लिहून सांगायचं, की तीन ते आठ नंबरच्या पोर्टकडे कुठेच बघू नकोस. पहिल्याला दोन महिने लागले असते. दुसऱ्याला दीड तास लागला. दोन्हींतला फरक मला पक्का माहीत होता. शुक्रवारपर्यंत मी तो बाजूला ठेवला.

भिंत हिरवी झाली. 'शून्य लाल' अशी मोहीम जाहीर झाली, लिफ्टजवळ पोस्टर लागलं, हिरव्या क्रीमचा केक कापला गेला आणि मला एक फ्रेम केलेलं प्रमाणपत्र मिळालं. मी ते घरी नेलं नाही. पण ड्रॉवरमध्ये उलटंही ठेवलं नाही, सुलटंच ठेवलं.

आता दादाबद्दल सांगायला हवं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचं गाव खाडीकडचं. शेती गेली, त्या बदल्यात दादाला तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात नोकरी मिळाली आणि मला शिकायला मिळालं. दोघांत फायद्याचा सौदा कोणाचा झाला यावर आमच्या घरी अजून एकमत नाही. त्या कारखान्याचं वायफाय नेमकं आमच्याकडे होतं. तिथे टाक्यांच्या भागात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर एक बॅज असतो. बॅजवर एक बटण. माणूस पडला, गुदमरला, घाबरला, तर बटण दाबायचं. कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये घंटा वाजते आणि कोणत्या टाकीतून हाक आली ते दिसतं. ही हाक वायफायवरून जाते. त्या भागात मोबाईल न्यायला बंदी आहे, तो गेटवर जमा करावा लागतो. म्हणजे एकदा दादा आत गेला की त्याची हाक फक्त त्या पेटीतून बाहेर येऊ शकते.

टाकी रिकामी करून साफ करायची असली की माणूस आत उतरतो. नियमाप्रमाणे तोंडाशी एक जण उभा असतो.

"तो काय करतो?" मी एकदा विचारलं होतं.

"आभाल बगतो," दादा म्हणाला. "मोबाईल नाय ना त्याच्याकडं."

दसरा आला. कारखान्यांत खंडेनवमीला यंत्रं धुऊन-पुसून ठेवतात आणि दसऱ्याला पूजा करतात, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. पंपाला, क्रेनला, फोर्कलिफ्टला हळदकुंकू आणि झेंडूचा हार. आमच्या पेटीचीही पूजा होते हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. खंडेनवमीच्या दुपारी तळोज्याचं दोन नंबरचं पोर्ट लाल झालं. मी कारखान्यात फोन केला. तिथले इलेक्ट्रिशियन दिघ्याहून येतात, साठीला टेकलेले, आवाज पंपाशी बोलून बोलून मोठा झालेला.

"मॅडम, सगळं झकास चालू आहे! आत्ताच तुमच्या पेटीचं कपाट साफ केलं, पेढे खातोय. तुमी पण या!"

"केबली दोन्ही लावल्यात ना?"

"दोन्ही! माझ्या हाताने लावल्यात."

हे अगदी खरं होतं. दोन्ही केबली त्यांनी काढल्या, पेटी फडक्याने पुसली आणि दोन्ही केबली परत लावल्या. फक्त दुसरी केबल त्यांनी दोनऐवजी पाचमध्ये लावली. पेटी बसवणाऱ्याने सगळी भोकं सारखीच चालू सोडली होती, त्यामुळे पाचमध्येही ती चालली. त्यांना ती भोकं सारखीच दिसली, आणि त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. नंबरांचा अर्थ फक्त माझ्यासाठी होता, आणि मी तिथे नव्हते.

शेजारच्या टेबलावर सोलापूरचा एक सहकारी बसतो. तो म्हणाला, "ताई, दोन्ही केबली हाईत म्हणतोय न्हवं? मग हे बी खोटंच. घाला त्याला बी गप्प."

मी त्याला बी गप्प घातलं.

दिवाळी झाली. दिवाळीनंतर काही दिवसांनी तळोज्याच्या त्या कंपनीचे एक वरिष्ठ आमची हिरवी भिंत बघायला येणार होते. त्याच दिवशी दुपारी तीन वाजता त्यांच्या कारखान्यात एक ठरलेलं काम होतं. पेटीची पहिली केबल ज्या स्विचमध्ये, म्हणजे केबली एकत्र येतात त्या डब्यात, जाते, तो वीस मिनिटं बंद ठेवून त्याचं सॉफ्टवेअर बदलायचं. काळजीचं काही नव्हतं. दुसरी केबल वेगळ्या स्विचमध्ये जाते, वीस मिनिटं सगळं तिच्यावर चाललं असतं. म्हणून तर दोन असतात.

सकाळी वहिनीचा फोन आला होता. भाच्याच्या क्लासबद्दल बोलता बोलता म्हणाली, "आज ते टाकीन उतरनार हायत. डबा लवकर नेला." मी "बरं" म्हटलं आणि विसरले.

जेवणाच्या सुट्टीत साहेबांना माझ्याकडून एक स्लाइड हवी होती: कोणत्या साइटवर किती खोटे अलार्म बंद केले. मी मोजायला बसले. सगळीकडे सहा, सहा, सहा. तळोजा: सात.

मी सातकडे बघत राहिले. आठ भोकं, सात गप्प. म्हणजे लक्ष एकावर. आणि केबली दोन.

मग दुसरी केबल कुठे आहे?

सव्वादोन वाजले होते. मी गप्प केलेल्या पोर्टांची जुनी नोंद काढली. तीन: कधीच जिवंत नाही. चार: कधीच नाही. पाच: खंडेनवमीच्या दुपारी जिवंत झालेलं, आणि धनत्रयोदशीच्या सकाळी मेलेलं. मेल्याचा अलार्म सॉफ्टवेअरने अगदी वेळेवर दिला होता. तो कोणाला दिसू नये अशी व्यवस्था मी केली होती.

दिवाळीपासून तो कारखाना एका केबलवर लटकत होता, आणि तीन वाजता आम्ही तीच बंद करणार होतो. वीस मिनिटं एकाही बॅजची हाक कुठेच पोचली नसती. आणि दादा टाकीत.

मी इलेक्ट्रिशियनना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग गेटवर लावला.

"ते टाकीवर गेलेत," गेटवरचा म्हणाला.

"आणि माझा भाऊ?" मी दादाचं नाव सांगितलं.

"ते पण तिकडेच. त्यांचा मोबाईल इथे माझ्यासमोर ठेवलाय बघा, वाजतोय." तो वाजत होता कारण दुसऱ्या फोनवरून मीच लावला होता.

"कोणाला तरी पाठवा. टाकीत उतरू नका म्हणावं."

"मॅडम, मी गेट सोडून कसा जाऊ? आणि टाकीत उतरायचं वर्क परमिट निघालंय. तुमी कोन?"

मी कोण, हे मला त्या क्षणी नीट सांगता आलं नाही.

स्विचचं काम करणारी टीम दुसऱ्या शहरात बसते. त्यांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, साइट तो ग्रीन दिख रही है."

"वो ग्रीन झूठा है."

"रेड होगी तो हम शुरू ही नहीं करेंगे, ये रूल है. पर ग्रीन है ना."

मग साहेब. ते तळोज्याच्या पाहुण्यांबरोबर वरच्या मजल्यावर जेवत होते. बाहेर बोलावलं तेव्हा हातात गुलाबजामची वाटी घेऊनच आले.

"साहेब, तळोज्याचं तीनचं काम थांबवा. त्यांची एक केबल मेलेली आहे."

"भिंतीवर दिसतंय?"

"नाही. मीच ते गप्प केलंय."

"म्हणजे भिंत हिरवी आहे."

"हो, पण..."

"मॅडम, आत त्यांचे मोठे साहेब बसलेत. भिंत हिरवी असताना मी त्यांना काय सांगू, आमच्या मॅडमना वाटतंय म्हणून? काम झाल्यावर आपण बघू ना. वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे." ते दुष्ट नाहीत. वीस मिनिटांत काय होऊ शकतं हे बघायला त्यांचं तिकडे कोणी नव्हतं, इतकंच.

मी खाली आले. अडीच वाजून गेले होते. इलेक्ट्रिशियनना पुन्हा फोन, नाही. सोलापूरकराने गेटला फोन लावून ठेवला होता आणि गेटवाला त्याला वर्क परमिटचे नियम समजावून सांगत होता. मी खुर्चीवर बसले आणि उठले. परत बसले. माझं म्हणणं कोणी ऐकणार नव्हतं, आणि का ऐकावं? इतके आठवडे मीच सगळ्यांना शिकवलं होतं, की लाल दिसलं तर घाबरू नका आणि हिरवं दिसलं तर विश्वास ठेवा.

मग ती टीम म्हणाली होती ते आठवलं. रेड असेल तर सुरू करणार नाहीत.

मी माझी ती ओळ उघडली. एकट्या तळोज्यापुरती उघडायची तर नव्याने लिहून तपासावी लागली असती, आणि तीनला बारा मिनिटं होती. ओळ सगळ्या साइटना मिळून एकच होती. मी ती पुसून टाकली. तळोज्याच्या दोन नंबरसाठी वेगळी घातलेली, तीही पुसली.

भिंत एका झटक्यात लाल झाली नाही. सॉफ्टवेअर एकेक पेटी तपासत जातं. वरच्या डाव्या कोपऱ्यातून लाल उतरायला लागलं, गोदामं, मग कॉलेज, मग आणखी गोदामं. तळोजा खालच्या रांगेत. मी हात जोडून बसले होते असं सोलापूरकर नंतर सांगत होता. मला आठवत नाही. एवढ्यात दार उघडलं आणि बडीशेप चघळत साहेब आणि पाहुणे आत आले.

"आणि हे आमचं कमांड सेंटर," साहेब म्हणाले, आणि थांबले.

पाहुण्यांनी भिंतीकडे पाहिलं. "हे काय आहे?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन करत नाही.

मी उभी राहिले. "सर, यातले बहुतेक खोटे आहेत. एक खरा आहे. तो तुमच्या तळोज्याचा आहे." आणि मी त्यांना सगळं सांगितलं, केबल, पाच नंबर, टाकी, बॅज. ओळ कोणी लिहिली तेही सांगितलं. माझं बोलणं चालू असतानाच खालच्या रांगेत तळोजा लाल झालं, आणि दोन मिनिटांनी त्या दुसऱ्या शहरातून फोन आला. "मॅडम, साइट रेड है. हम शुरू नहीं कर सकते."

मी "थँक्यू" म्हटलं ते त्याला विचित्र वाटलं असावं.

पाहुण्यांनी स्वतःच्या फोनवरून कारखान्यात कोणाला तरी गाठलं. मोठ्या माणसाचा फोन गेट ओलांडून आत पोचतो. वीसेक मिनिटांनी इलेक्ट्रिशियन पेटीसमोर उभे राहून माझ्याशी बोलत होते.

"मॅडम, पाच नंबरची केबल जराशी बाहेर आलीय. हो, बरोबर! दसऱ्याचा हार मी या केबलींनाच बांधला होता. धनत्रयोदशीला सुकला म्हणून ओढून काढला. तवाच सरकली असंल. दाबू?"

"दाबा."

खट असा आवाज मला फोनमधून ऐकू आला. पाच नंबर हिरवं झालं. त्याच्या आजूबाजूला तीन, चार, सहा, सात, आठ लाल होते आणि दोन नंबरही लाल होतं. मला ते सगळे दिवे सुंदर वाटले.

साहेबांनी पाहुण्यांना जाताना सांगितलं, की अधूनमधून आम्ही अशी चाचणी मुद्दाम घेतो. माझ्याशी साहेब दोन दिवस बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी 'वेळीच दाखवलेली सतर्कता' असा मेल सगळ्यांना गेला. मी मात्र फॉर्म भरायला घेतले. एकेक कारखाना, एकेक पेटी, कोणाला तरी वाकून बघायला लावून. तळोज्यात इलेक्ट्रिशियननी केबलींवर आणि भोकांवर लाल ऑइलपेंटने आकडे रंगवलेत. आकडे मोठे आहेत, भोकांपेक्षा मोठे.

पण त्या संध्याकाळी मी करंजाड्याला न जाता थेट दादाकडे गेले. तो अंघोळ करून ओट्यावर बसला होता.

"बाय, आज मधीच कशी आयलीस? काय झाला?"

"काही नाही. सहज."

वहिनीने ताटं घेतली. बोंबलाचं कालवण होतं. मी विचारलं, "टाकीत उतरलास आज?"

"उतरलो ना. तीनला पाच कमी होते. पाऊन तास आत होतो."

"बॅज चालू होता?"

"मी उतरायच्या आदी बटन दाबतो. घंटी वाजली असा कंट्रोलमधून बोलले का मगच पाय टाकतो. रोज. तुमच्या तिकडच्या भितीवर काय रंग हाय तो आमाला कुठं दिसतो?"

"दादा," मी म्हटलं, "तुझ्या कारखान्याचा एक अलार्म बंद होता. दिवाळीपासून. तो मी बंद केला होता."

त्याने काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "मग? आता चालू केलास का?"

"केला."

"मग जेव."

मी जेवायला लागले. तीनला पाच कमी असताना त्याने बटण दाबलं, घंटा वाजली, तो उतरला. तीनला स्विच बंद झाला असता. तीन वीसपर्यंत तो आत असता आणि घंटा वाजली नसती, आणि तोंडाशी उभा असलेला माणूस आभाळ बघत असता. दादा आम्हा दोघांसाठी बोंबलाचे काटे काढत होता, लहानपणी काढायचा तसे, आणि कारखान्यात नवीन आलेल्या सुपरवायझरबद्दल काहीतरी सांगत होता. वहिनीने विचारलं, भात वाढू का. मी हो म्हटलं. वाढून झाल्यावर पाहिलं तर आधीचा भात ताटात तसाच होता.